लेखन अडते तेव्हा नेमके काय अडलेले असते?

नदीकाठ

मी काही वर्षांपासून कथा लिहीत आहे आणि त्यांतील बहुतेक कथा दिवाळी अंकांतून आल्या आहेत. यंदाही एका अंकाच्या संपादकांनी ऑगस्टअखेरपर्यंत कथा मागितली आहे. विषय माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. दोन भावांची जमिनीची वाटणी झाली आहे, पण विहीर सामाईक राहिली आहे. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते, आणि पाण्याची पाळी कोणाची यावरून सुरू झालेला वाद आता दोन्ही घरांतील येणेजाणे बंद होण्यापर्यंत गेला आहे. थोरल्या घरची सून ही हकिकत सांगते. कथेचा पूर्वार्ध सलग लिहून झाला, परंतु गावातील चार जाणती माणसे मध्यस्थीसाठी ओट्यावर येऊन बसतात त्या प्रसंगापाशी लेखन थांबले आणि तेथून ते पुढे सरकत नाही.

अशा वेळी मिळणारे सल्ले साधारण दोन प्रकारचे असतात. काही जण सांगतात की रोज ठरलेल्या वेळी बसावे, जे येईल ते लिहावे, हात थांबू देऊ नये. काही जण सांगतात की लेखन बाजूला ठेवावे, चार दिवस फिरून यावे, वाचन करावे, आपोआप सुचेल. हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी विरुद्ध असूनही सारख्याच खात्रीने दिले जातात, आणि नेमके काय अडले आहे हे मात्र कोणीच विचारत नाही. ताप आला आहे एवढेच ऐकून, तो कशाचा आहे हे न तपासता औषध द्यावे तसे हे होते.

म्हणून येथील लिहित्या मंडळींना माझी विनंती आहे की त्यांनी सर्वसाधारण उपाय न सांगता आपले एखादे विशिष्ट लेखन कोठे अडले होते, ते का अडले असावे आणि पुढे कशामुळे सरकले, हे सविस्तर लिहावे. कथाच हवी असे नाही. प्रबंध, भाषांतर, आठवणी, काहीही चालेल.

जुनी_पाने

नदीकाठ ताई, मी दिवाळी अंकांच्या संपादनात बराच काळ घालवला असल्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि त्या प्रथेतून पुढे मराठी कथेला वर्षाचे एक वेळापत्रकच मिळाले. उन्हाळ्यात संपादकांची पत्रे जातात, पावसाळ्यात कथा येतात आणि नवरात्राच्या आसपास अंक छपाईला जातो. या मुदतीने मराठीला कितीतरी चांगल्या कथा दिल्या आहेत, कारण मागणी नसती तर त्यांतील अनेक कथा लेखकांच्या मनातच राहिल्या असत्या.

परंतु मुदत लेखणी उचलायला लावते, कथानकाची गाठ ती सोडवू शकत नाही. हरि नारायण आपटे यांचे उदाहरण घ्या. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केल्यावर आठवड्यामागून आठवडे मजकूर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि ती त्यांनी विलक्षण निष्ठेने पार पाडली. क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्याला सुचत नाही म्हणून अंक रिकामा ठेवता येत नाही. एवढी लेखनशक्ती आणि एवढी शिस्त असूनही त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. तेव्हा अडणे हे आळसाचे किंवा प्रतिभेच्या अभावाचे लक्षण आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

माझ्याकडे येणाऱ्या अर्धवट कथांत मला एक गोष्ट वारंवार दिसली. कथा अडते ती बहुधा जेथे लेखणी थांबली आहे तेथे नसते, त्याच्या दोन-तीन पाने आधी असते. एखाद्या पात्राने काहीतरी केलेले असते, आणि ते त्याने का केले हे लेखकाने ठरवलेलेच नसते. छोट्या प्रसंगात हे खपून जाते. मोठा प्रसंग आला, चार माणसे ओट्यावर बसली, की त्या न ठरवलेल्या गोष्टीचे उत्तर द्यावे लागते आणि मग वाक्य येत नाही. म्हणून मी आपल्याला एकच विचारतो : हा वाद मिटावा असे त्या सुनेला खरोखर वाटते का? आपण लिहिलेल्या हकिकतीवरून ती सांगते आहे एवढेच कळते, तिला काय हवे आहे ते कळत नाही.

अर्धविराम

काकांच्या म्हणण्याला संशोधनाच्या बाजूने थोडी जोड देते. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात लेखन अडण्याला एखाद्या विकारासारखे नाव दिले आणि त्याची कारणे बालपणात शोधली. त्या चर्चेने बराच काळ हा विषय व्यापला. मला मात्र माइक रोझ यांचा १९८० मधील अभ्यास जास्त उपयोगी पडला, कारण तो लिहिणाऱ्याच्या मनापेक्षा लिहिण्याच्या कामाकडे पाहतो. त्यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा विद्यार्थ्यांशी बोलून पाहिले. त्यांपैकी पाच जणांचे लेखन अडत असे आणि पाच जणांचे अडत नसे. बुद्धी किंवा भाषेची समज यांत दोन्ही गटांत डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता. फरक होता तो नियमांशी असलेल्या नात्याचा.

अडणाऱ्यांपैकी एका विद्यार्थिनीला पहिले वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नसे. दुसरीने असे धरून ठेवले होते की सुरुवातीने वाचकाला तत्काळ पकडलेच पाहिजे, त्यामुळे ती सुरुवातीतच अडकून राही. तिसरी इतका गुंतागुंतीचा आराखडा तयार करी की त्यातून एक छोटा निबंध काढणे अशक्य होई. न अडणाऱ्यांजवळही नियम होतेच, पण एखादा नियम काम देत नाही असे दिसले की तो ते बाजूला ठेवत. हे वाचल्यानंतर मी स्वतःच्या डोक्यातील नियम कागदावर लिहून काढले, आणि त्यांतील कित्येक मला कोणी शिकवले हेदेखील आठवेना.

माझा प्रबंध ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी आहे. पूर्वसंशोधनाचा आढावा संपूर्ण झाल्याखेरीज स्वतःच्या निरीक्षणांना हात लावायचा नाही, हा मी पाळलेला सर्वांत घट्ट नियम होता. तो आढावा कधी पूर्ण होणे शक्यच नव्हते, कारण दर महिन्याला वाचण्यासारखे नवीन काही निघत असे. अखेर मी आढाव्याचे प्रकरण तसेच ठेवले आणि साखर कारखान्याच्या परिसरातील कोप्यांमध्ये, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, केलेल्या मुक्कामाच्या टिपणांपासून लिहायला घेतले. पहाटे आईवडील फडात निघून गेल्यावर धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, पाणी कोण भरते, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला कोण जाते, हे लिहिताना मला कोणाच्या आधाराची गरज भासली नाही. ते प्रकरण उभे राहिल्यावर पूर्वसंशोधनातील नेमके काय हवे आणि काय नको हे मला आपोआप कळू लागले, आणि आढावा पूर्वी योजला होता त्याच्या निम्म्यात आटोपला.

सावकाश

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावू इच्छितो. आपण सर्व जण असे गृहीत धरतो आहोत की अडलेले लेखन लवकरात लवकर सुटले पाहिजे. परंतु काही गोष्टी मुराव्याच लागतात. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, पेन्सिलीने लिहून काढले हे सर्वांना ठाऊक आहे. पण गीतेशी त्यांचा पहिला संबंध १८७२ मध्ये, वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवताना आला, असे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. म्हणजे जे काही महिन्यांत लिहिले गेले ते जवळजवळ चार दशके मनात होते. मधल्या काळात कोणी त्यांना रोज ठरावीक मजकूर लिहायला बसवले असते तर ते पुस्तक झाले असते का? मी कविता लिहितो, आणि माझा अनुभव असा की जबरदस्तीने लिहिलेली ओळ पुढे कितीही घासली तरी जबरदस्तीचीच राहते.

जुनी_पाने

सावकाश, आपले उदाहरण मोलाचे आहे, पण ते मला वेगळे काही सांगते. त्या मधल्या काळात टिळक गप्प बसलेले नव्हते. ते अखंड वाचत होते, वर्तमानपत्रे चालवत होते, ‘ओरायन’सारखे ग्रंथ लिहीत होते, गीतेवर बोलत होते, मतभेद तपासून पाहत होते. मंडालेला त्यांनी ग्रंथ मागवून घेतले. सुटकेनंतर वह्या सरकारने लगेच परत दिल्या नाहीत, तेव्हा त्या न मिळाल्या तरी आपण ग्रंथ पुन्हा लिहून काढू असे ते म्हणाले, अशी हकिकत सांगतात. एवढी खात्री ज्याला आहे त्याचे लेखन अडलेले नव्हते, त्याला फक्त बैठक मिळालेली नव्हती.

मुरणे आणि अडणे यांत मी असा फरक करतो. मुरणाऱ्या विषयात दर काही दिवसांनी काहीतरी नवे येऊन मिळत असते. एखादे वाचन, एखादे संभाषण, एखादी शंका त्याच्याशी जोडली जाते. अडलेल्या विषयात आपण त्याच वाक्यापाशी, त्याच प्रश्नापाशी पुनःपुन्हा येतो आणि तेथूनच परततो. पहिल्या स्थितीत घाई करू नये याविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या स्थितीत वाट पाहून काही होत नाही, असे मला वाटते.

अर्धविराम

सावकाश यांच्या मुद्द्यावर एक प्रयोग आठवतो. रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखन अडलेल्या प्राध्यापकांचे तीन गट केले होते. एका गटाने अत्यावश्यक असल्याखेरीज लिहायचे नव्हते, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचे होते आणि तिसऱ्याला ठरलेले लेखन करण्याचे बंधन होते. न लिहिल्यास स्वतःला अप्रिय असलेल्या संस्थेला पैसे द्यावे लागतील अशी अटही त्यांना घातली होती. तिसऱ्या गटाने अधिक पाने लिहिली यात नवल नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वांत जास्त सुचल्या. सुचते म्हणून लिहितो हे खरे आहेच, पण लिहितो म्हणून सुचते हेही तितकेच खरे असावे. अर्थात हे प्राध्यापकांच्या लेखनाविषयी आहे. कवितेला ते तसेच्या तसे लागू करण्याचे धाडस मी करणार नाही.

ओवी

माझे अडणे वेगळ्याच जातीचे होते, म्हणून लिहिते. मी जळगाव जिल्ह्यातील आहे. घरात आणि शेतात आम्ही जी बोली बोलतो ती शाळेत कधी लिहिली नाही. कथा लिहायला बसले की निवेदन प्रमाण मराठीत व्यवस्थित होई, पण आजी बोलू लागली की माझा हात थांबे. मी तिच्या तोंडी पुस्तकी वाक्ये घालत असे, ती मला खोटी वाटत, आणि ती खोटी वाटतात म्हणून पुढचे काही सुचत नसे. कित्येक दिवस माझी समजूत अशी होती की मला कथानक सुचत नाही. प्रत्यक्षात मला आजीचा आवाज लिहिता येत नव्हता.

मग मी लिहिणे सोडले आणि बोलू लागले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करायचे, डोळे मिटायचे आणि आजी जसे सांगेल तसे सांगायचे. नंतर ते ऐकून उतरवून घ्यायचे. आमच्याच परिसरातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना त्या गात, आणि जवळच्यांनी ते उतरवून घेतले म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती गाणी पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. त्याहून मागे गेले तर ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा हे ‘लेखकु’ झाल्याचा उल्लेख आहे, म्हणजे तेथेही सांगणारा वेगळा आणि उतरवणारा वेगळा. आपण ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून, एकाच क्षणी करून घेतो आणि मग त्याची दमछाक झाली की त्याला दोष देतो. माझ्यापुरते सांगायचे तर सांगणारी आणि उतरवणारी यांची वेळ वेगळी केल्यावर आजी मोकळेपणाने बोलू लागली.

यात एक काळजी घ्यावी लागते. बोललेले सगळेच लिहिण्याजोगे नसते. पुनरुक्ती फार येते, आणि उतरवताना ती काढून टाकण्याचा मोह होतो. सगळी काढू नका. म्हातारी माणसे एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा तिच्यात काहीतरी बदललेले असते, आणि कथा पुष्कळदा त्या बदलातच असते.

दूरदेशी

ओवी ताईंनी लिहिलेले वाचून मला माझ्या अडचणीचे नीट वर्णन करता येईल असे वाटते. मी टोरांटोत राहतो. कोकणातील आजोळाच्या आठवणी लिहीत आहे. दिवसभर इंग्रजीत काम केल्यानंतर रात्री मराठी लिहायला बसलो की वाक्याचा सांगाडाच इंग्रजी येतो. शब्द मराठी असतात, पण वाचताना ते कोणी दुसऱ्याने भाषांतरित केल्यासारखे वाटते, आणि तेथे मी थांबतो. आजोळी आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, घर शाकारण्याची जी धांदल असे ती लिहिताना कोणत्या वस्तूला काय म्हणत हे आठवत नाही, आणि तो शब्द मिळाल्याखेरीज पुढे जाववत नाही.

दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली ही की लिहायला बसण्यापूर्वी मी थोडा वेळ एखादे जुने मराठी गद्य मोठ्याने वाचतो. मनात वाचून तो परिणाम होत नाही. दुसरी ही की शब्द आठवला नाही तर तेथे कंस करून ती वस्तू कशी दिसते आणि कशासाठी वापरत हे साध्या वाक्यात लिहितो आणि पुढे जातो. रविवारी आईशी फोनवर बोलताना ती यादी तिच्यापुढे ठेवतो. ती शब्द सांगतेच, पण त्याबरोबर ती वस्तू कोणाच्या घरून मागून आणत, कोणी ती मोडली होती, हेही सांगते. त्या कंसांनी मला जेवढा मजकूर दिला तेवढा माझ्या स्मरणशक्तीने दिला नसता.

नदीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. दूरदेशी यांच्या कंसाच्या युक्तीविषयी एक विचारायचे आहे. वर्णनात रिकामी जागा सोडून पुढे जाणे समजू शकते, पण प्रसंगच रिकामा असेल तर तो सोडून पुढे जाता येते का? माझ्या कथेत मध्यस्थीचा प्रसंग मधोमध आहे, आणि शेवट त्यावर अवलंबून आहे. जुनी_पाने काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. सुनेला काय हवे आहे हे मी गृहीतच धरले होते, की कोणत्याही सुनेला असते तशी तिलाही घरात शांतता हवी असेल. आता ते पुरेसे वाटत नाही.

निवांत

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो. ही चर्चा लेखनाच्या अंगाने उत्तम चालली आहे आणि तिला फाटा फोडण्याचा माझा हेतू नाही, पण एक बाब येथे नोंदवलेली बरी. लेखन अडणे हे कधीकधी लेखनाचे दुखणे नसते. ज्याला लिहावेसे वाटत नाही त्याला वाचावेसेही वाटत नाही, आवडीची माणसे नकोशी होतात, झोप आणि भूक बिघडते, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकून राहते, तेव्हा वेळापत्रक, कंस किंवा ध्वनिमुद्रण यांनी काही साधत नाही. उलट ते जमले नाही म्हणून माणूस स्वतःला आणखी दोष देतो. अशा वेळी डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतरही लेखन बराच काळ थांबू शकते. ते थांबणे स्वाभाविक आहे, आणि त्या काळात स्वतःवर मुदतीचे ओझे न घातलेले चांगले.

जुनी_पाने

निवांत यांनी फार आवश्यक गोष्ट सांगितली. काही लेखकांच्या बाबतीत मी मुदत वाढवून दिली आहे आणि काहींना यंदा लिहू नका असे सांगितले आहे. संपादकाला खरी अडचण सांगावी. बहुतेक संपादक समजून घेतात, कारण शेवटच्या क्षणी हाती आलेल्या कच्च्या कथेपेक्षा आधी कळलेला नकार त्यांनाही सोयीचा असतो.

नदीकाठ ताई, प्रसंग सोडून पुढे जाता येते. पण आपल्या कथेत मी तसे सुचवणार नाही, कारण तो प्रसंग रिकामा नाही. तो भरलेला आहे आणि आपण त्यात शिरण्याचे दार चुकीच्या बाजूला शोधत आहात असे मला वाटते. चार जाणती माणसे काय बोलतात हे तूर्त लिहूच नका. सून त्या वेळी कोठे उभी आहे, तिच्या हातात काय आहे, तिला ओट्यावरचे किती ऐकू येते आणि किती ऐकू येत नाही, एवढेच लिहून पाहा. आणि ते अंकासाठी लिहू नका, वेगळ्या वहीत लिहा.

नदीकाठ

काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगळ्या वहीत लिहिले आणि त्यातून जे निघाले ते मला अपेक्षित नव्हते. सून स्वयंपाकघराच्या दारामागे चहाचे पातेले घेऊन उभी आहे. ओट्यावर बोलणी जुळत आली आहेत. थोरला भाऊ, म्हणजे तिचे सासरे, आपला हिस्सा धाकट्याला विकून मोकळे होण्याची भाषा करतात, आणि तिचा नवरा त्याला मान हलवतो, कारण त्याला पुण्याला नोकरी करायची आहे. येथे मला कळले की तिला हा वाद मिटायला नको आहे. विहीर सामाईक आहे आणि भांडण चालू आहे तोपर्यंत जमीन विकली जाणार नाही, आणि जमीन आहे तोपर्यंत तिला या गावातून, तिने लावलेल्या झाडांपासून आणि पलीकडच्या आळीत राहणाऱ्या तिच्या एकट्या आईपासून दूर जावे लागणार नाही. पूर्वार्धात तिने एका रात्री पंप बंद केल्याचा एक छोटासा उल्लेख आहे. तो मी केवळ वाद वाढावा म्हणून घातला होता. आता त्याला कारण मिळाले.

हे कळल्यावर मला मध्यस्थीचा प्रसंग लिहायचा आहे की नाही याचीच शंका येऊ लागली. ती चहा नेते, एवढे लिहिले तरी पुरेल. मात्र पूर्वार्धातील काही पाने पुन्हा लिहावी लागतील, कारण तिथली सून हे सर्व मनात ठेवून बोलत नाही. त्या कामाची मला भीती वाटत नाही. काय करायचे ते आता स्पष्ट आहे.

एक व्यावहारिक शंका राहते. शाळेची नोकरी सांभाळून मला लिहायला पहाटेचाच वेळ मिळतो. त्या दिवशीचे लेखन कोठे थांबवावे? प्रसंग पूर्ण करून थांबले की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करणे जड जाते.

सावकाश

याचे उत्तर मला देता येईल. अर्नेस्ट हेमिंग्वे सांगत असे की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी तेथून उचलावे. मी हे कवितेत करून पाहिले आहे, आणि घाईच्या विरोधात असलेल्या माझ्यासारख्यालाही ते मानवते, कारण यात जबरदस्ती नाही. पुढची ओळ हाताशी असते, ती लिहायची नाही, रात्रभर तशीच ठेवायची. दुसरे टोक अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे. टपाल खात्यातील नोकरीवर जाण्यापूर्वी तो पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहीत असे आणि दर पंधरा मिनिटांस २५० शब्द ही त्याची अपेक्षा असे. त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याची पद्धत माझ्या स्वभावाला झेपणार नाही, पण नोकरीपूर्वीचा पहाटेचा वेळ पुरतो, एवढे त्याच्यावरून आपल्याला मानायला हरकत नाही.

अर्धविराम

हा धागा वाचता वाचता मलाही मदत मागावीशी वाटते. माझा प्रबंध आता निष्कर्षाच्या प्रकरणापाशी थांबला आहे. सर्व प्रकरणे झाली आहेत, आकडे आहेत, मुलाखती आहेत. पण ‘प्रस्तुत अभ्यासावरून असे निदर्शनास येते की’ एवढे लिहिले की पुढे काही येत नाही. येथे कोणता नियम मला अडवतो आहे हे मला अजून सापडलेले नाही.

ओवी

अर्धविराम, ते वाक्य आधी काढून टाका. कोपीवर ज्या बायकांशी तुम्ही बोललात त्यांतील एखादीने विचारले की बाई, एवढे लिहून घेतले त्यातून तुम्हाला काय कळले, तर तिला काय सांगाल? ते बोला आणि उतरवून घ्या.

जुनी_पाने

ओवी ताईंच्या सूचनेत मी एवढीच भर घालीन की सर्व निष्कर्ष एकदम सांगू नका. आपल्याला स्वतःला ज्याचे आश्चर्य वाटले तो एकच सांगा, आणि हरकत नसेल तर येथेच लिहा.

अर्धविराम

प्रयत्न करते. क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी मला वाटत होते की हंगाम सुरू होऊन कुटुंब कारखान्यावर निघाले की मुलांची शाळा सुटते. मी ज्या कुटुंबांबरोबर राहिले त्यांच्यात तसे झाले नाही. जाताना पुष्कळ मुलांनी दप्तर बरोबर घेतले होते, आणि कोपीवर दिवा मिळाला त्या संध्याकाळी ती त्या पुस्तकांतले वाचतही होती. त्यांची शाळा सुटली ती परत आल्यावर. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, गावी परतल्यानंतर वर्ग बराच पुढे गेलेला असे, शेजारच्या बाकावरचा मित्र आता गुणाकार सोडून अपूर्णांकावर गेलेला असे, आणि मागे राहिलेल्या मुलाला बसवून मधला भाग शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नसे. थोडे दिवस ते मूल वर्गात गप्प बसून राही आणि मग येणे बंद करी. म्हणून स्थलांतराच्या काळातील सोयींइतकेच परतीनंतरच्या पहिल्या महिन्याकडे लक्ष द्यायला हवे, असे मला त्या बाईंना सांगायचे आहे. हे येथे लिहिताना एकदाही थांबावे लागले नाही. आता हेच प्रकरणाच्या पहिल्या पानावर नेते आणि आकडे त्याच्यामागून जोडते.